चितकबऱ्या पानांची जास्वंद : खानदेशच्या उन्हात कशी जगवावी?

आमच्या दारात तेलाचा पंधरा किलोचा एक जुना डबा ठेवलेला आहे. त्या डब्यात जास्वंद आहे. तिला फूल असो वा नसो, गल्लीतून जाणारे माणूस तिच्यापाशी क्षणभर थांबतेच. कारण तिची पाने नुसती हिरवी नाहीत. एकाच पानावर हिरवा, पांढरा आणि गुलाबी असे तीन रंग आहेत. कुणी रंगाचा ब्रश झटकावा आणि त्याचे शिंतोडे पानांवर उडावेत, तशी ही पाने दिसतात. कुठलीही दोन पाने सारखी नाहीत. नवीन येणारा पाहुणा हमखास विचारतो, "हाई काय शे?" जास्वंद आहे असे सांगितले तर पटकन विश्वास बसत नाही.

रोपवाटिकेत हिला 'व्हेरिगेटेड जास्वंद' म्हणतात. हिच्या अरुंद पानांच्या एका जुन्या जातीचे नाव 'कूपरी' आहे. हिरव्या-पांढऱ्या पानांच्या एका जातीला 'स्नो क्वीन' म्हणतात. आपण सोयीसाठी चितकबऱ्या पानांची जास्वंद म्हणू. हिचे फूल साध्या जास्वंदीपेक्षा लहान आणि लाल असते. पण या झाडाची खरी शोभा पानांत आहे, आणि पाने बाराही महिने असतात.

वाचक बंधू-भगिनींनो, आज कुटुंबाच्या पानावर आम्ही या झाडाविषयी लिहीत आहोत. यात आमचा स्वतःचा एक तोटाही सांगणार आहोत. कारण आम्ही ही जास्वंद एकदा आमच्या हातांनी मारली, आणि ती पुन्हा आमच्या दारात कशी आली, हे कळल्यावर तिचे संगोपन आपोआप समजते.

कपाशीची नातलग

आमच्या शेजारच्या मावशी दरवर्षी हंगामात कापूस वेचायला जातात. आमच्या जास्वंदीला पहिले फूल आले तेव्हा त्या जवळ आल्या, वाकून पाहिले आणि म्हणाल्या, "अहो, हे तर आपल्या कपाशीच्या फुलासारखंच दिसतंय. रंग तेवढा वेगळा."

मावशींची नजर पक्की आहे. जास्वंद, कपाशी, भेंडी आणि अंबाडी ही सगळी एकाच कुळातील झाडे आहेत. पाच पाकळ्या आणि मधोमध केसरांची एक दांडी ही या कुळाची खूण. कपाशीचे फूल पहिल्या दिवशी फिकट पिवळे आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, हे शेतात राबणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. जास्वंदीचे फूल मात्र बहुधा एकाच दिवसाचे असते. सकाळी उमलते आणि संध्याकाळी मिटते.

जळगाव-धुळ्याच्या माणसाला कपाशी समजते. तिला पाणी किती लागते, तिच्यावर कोणती कीड येते, पाणी साचले की ती कशी पिवळी पडते, हे आपल्या घरातल्या बायामाणसांना तोंडपाठ आहे. त्यामुळे जास्वंद हे काही बंगलेवाल्यांचेच झाड नव्हे. ज्यांनी आयुष्यभर तिच्या नातलगाची सेवा केली, त्यांना ती वाढवणे अवघड जाऊ नये.

पाण्याचा हिशेब

तरीही घरात पहिला प्रश्न पाण्याचा निघाला. नळाला रोज पाणी येत नाही. उन्हाळ्यात तर हंडे, बादल्या, टाकी भरून ठेवण्यातच घरातल्या बाईचा अर्धा दिवस जातो. आमच्या आजींनी सरळ विचारले, "हे झाड खायला काय देतं? त्यापेक्षा मिरचीचं रोप लावा, मेथी टाका."

आजींचे म्हणणे चुकीचे नव्हते. ज्यांनी दुष्काळ पाहिला, पाण्यासाठी दूरवर पायपीट केली, त्यांना शोभेच्या झाडाला पाणी घालणे ही उधळपट्टीच वाटणार. आम्ही त्यांच्याशी वाद घातला नाही. फक्त एक नियम केला. झाडाला वेगळे पाणी द्यायचे नाही. तांदूळ, डाळ आणि भाजी धुतलेले पाणी एका पातेल्यात साठवायचे आणि तेच झाडाला घालायचे. साबणाचे पाणी घालायचे नाही आणि मिठाचे तर मुळीच नाही. चार माणसांच्या घरात असे पाणी रोज दोन-तीन तांबे सहज निघते. एका डब्यातल्या झाडाला एरवी तेवढे पुरते. कडक उन्हाळ्यात मात्र थोडे जास्त लागते.

आम्हाला वाटते, कष्ट करणाऱ्याच्या घरात पोटासाठी लागणाऱ्या वस्तूच असाव्यात, सुंदर वस्तू असू नये, असा काही नियम नाही. दिवसभर जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत उभे राहून किंवा हमाली करून माणूस घरी येतो. दारात रंगीत पानांचे झाड दिसले की त्याला बरे वाटते. त्यासाठी पिण्याचा एक थेंबही खर्च होत नसेल, तर ती उधळपट्टी कशी?

पांढरा रंग म्हणजे काय?

आता या झाडाचे मर्म सांगतो. झाडाच्या पानात जो हिरवा रंग असतो त्याला हरितद्रव्य म्हणतात. हे हरितद्रव्य सूर्यप्रकाशाच्या मदतीने हवा आणि पाणी यांपासून झाडाचे अन्न तयार करते. चितकबऱ्या पानाचा जो भाग पांढरा असतो, तिथे हरितद्रव्य जवळजवळ नसते. म्हणजे तो भाग अन्न तयार करीत नाही. हिरव्या भागाने जे कमावले, त्यावरच तो जगतो.

घरात दोन कमावणारे आणि सहा खाणारे असले की संसार जसा जपून करावा लागतो, तसेच या झाडाचे आहे. साधी जास्वंद दोन पावसाळ्यांत माणसाच्या डोक्याएवढी होते. ही मात्र हळूहळू वाढते. तिला ऊन जास्त झाले की पांढरा भाग आधी करपतो, आणि ऊन कमी झाले की रंग फिका पडून पाने हिरवी होऊ लागतात. दोन्हींच्या मध्ये तिला ठेवायचे, हीच तिची मशागत.

विज्ञानाने हे कोडे १९०९ साली उलगडायला सुरुवात केली. गंमत अशी की, त्यासाठी वापरलेले एक झाड आपल्या वस्त्यांमधून कुठेही उगवणारी गुलबक्षी हे होते. कार्ल कॉरेन्स या जर्मन शास्त्रज्ञाने चितकबऱ्या पानांच्या गुलबक्षीवर प्रयोग केले. तिच्या पांढऱ्या फांदीवरच्या फुलांच्या बियांपासून पांढरी रोपे निघाली आणि ती मरून गेली. हिरव्या फांदीवरच्या बियांपासून हिरवी रोपे निघाली. चितकबऱ्या फांदीच्या बियांतून तिन्ही प्रकारची रोपे आली. परागकण कोणत्या फांदीवरचे वापरले, याने काहीच फरक पडला नाही. पानाच्या रंगाचा हा वारसा तिथे फक्त आईकडून येत होता. त्याच वर्षी एर्विन बाउर या दुसऱ्या जर्मन शास्त्रज्ञाने जिरेनियमच्या पांढऱ्या काठाच्या पानांचा अभ्यास केला. एकाच शेंड्यात हिरव्या आणि बिनहिरव्या पेशींचे वेगवेगळे थर शेजारी शेजारी वाढतात, असे त्याने दाखवले.

यातून आपल्याला उपयोगाची गोष्ट एवढीच की, चितकबऱ्या जास्वंदीच्या बियांची वाट पाहू नये. ती काडी लावूनच वाढवावी. आज आपल्या दारात जे झाड आहे, ते कुणाच्या तरी झाडाची काडी आहे, आणि ते झाड त्याआधीच्या आणखी कुणाच्या झाडाची. हातातून हातात गेली तरच ही जास्वंद टिकते.

आमची चूक

आमची पहिली जास्वंद एका पावसाळ्यात हातगाडीवरच्या रोपवाल्याकडून घेतली. पुढच्या उन्हाळ्यात ती तगली, कारण ती घराच्या भिंतीच्या सावलीत होती. दुसऱ्या पावसाळ्यात तिला चांगले धुमारे फुटले. त्या वेळी धुळ्याला दिलेली आमची मोठी मुलगी माहेरी आली होती. तिने चार काड्या मागितल्या. ओल्या फडक्यात गुंडाळून त्या तिने एसटीने नेल्या. एरंडोल, पारोळा करीत गाडी धुळ्याला पोहोचेपर्यंत फडके सुकू नये म्हणून वाटेत तिने त्यावर दोनदा पाणी शिंपडले. देवपुरातल्या तिच्या घरी चारपैकी दोन काड्या लागल्या.

इकडे आम्ही शहाणपणा केला. झाड मोठे झाले म्हणून मार्चमध्ये डबा बदलला. शेतातली उत्तम काळी माती आणून डबा काठोकाठ भरला, आणि उन्हाने रंग खुलेल म्हणून तो पत्र्याच्या छतावर नेऊन ठेवला. एप्रिलमध्ये पानांचे पांढरे भाग तपकिरी झाले. आम्हाला वाटले पाणी कमी पडले, म्हणून भर दुपारी तापलेल्या डब्यात पाणी ओतले. काळी माती वर भेगाळलेली आणि खाली चिखल झालेली होती. मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास गेला आणि आठ दिवसांत झाड गेले. उपटून पाहिले तेव्हा मुळे काळी पडून कुजली होती. म्हणजे वरून झाड भाजले आणि खालून कुजले.

आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी तो डबा रिकामा करून धुऊन ठेवला.

जुलैमध्ये मुलगी आली ती दुधाच्या पिशवीत एक रोप घेऊन. "तुमचंच झाड आहे," ती म्हणाली, "मी फक्त सांभाळलं." तेच रोप आज आमच्या दारात आहे. आम्ही त्या चार काड्या देताना हात आखडता घेतला असता, तर आज आमच्याकडे काहीच नसते.

काडी कशी लावावी?

खानदेशात काडी लावण्याचा उत्तम काळ जूनच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंतचा. हवेत ओलावा असतो आणि ऊन मवाळ असते.

१. शिसपेन्सिलीएवढी जाड, अगदी कोवळी नाही आणि अगदी जून नाही, अशी फांदी निवडावी. ज्या फांदीच्या पानांवर हिरवा आणि पांढरा असे दोन्ही रंग भरपूर आहेत तीच घ्यावी. पूर्ण पांढऱ्या-गुलाबी पानांची फांदी दिसायला सुंदर असते, पण तिच्यात अन्न तयार करण्याची ताकद नसल्यामुळे तिची काडी जगत नाही.

२. चार ते सहा इंचांची काडी धारदार पात्याने कापावी. खालचा काप डोळ्याच्या किंचित खाली आणि तिरपा असावा. खालची पाने काढून टाकावीत. वरची दोन-तीन पाने ठेवावीत आणि तीही मोठी असल्यास अर्धी कापावीत.

३. दुधाची पिशवी धुऊन तिला खाली चार-पाच भोके पाडावीत. तिच्यात निम्मी वाळू आणि निम्मे चाळलेले, पूर्ण कुजलेले शेणखत भरावे. काडीचे दोन डोळे मातीत जातील इतकी ती खोल खोचून भोवतीची माती दाबावी.

४. वरून पारदर्शक पिशवी सैलसर घालावी म्हणजे ओलावा टिकतो. दोन-तीन दिवसांनी थोडा वेळ पिशवी काढून हवा द्यावी. पिशव्या सावलीत पण उजेडात ठेवाव्यात.

५. साधारण सहा ते आठ आठवडे धीर धरावा. साध्या जास्वंदीपेक्षा हिला मुळे फुटायला वेळ लागतो. नवी पाने आली म्हणजे मुळे धरलीच असे समजू नये. काडी हळूच ओढून पाहावी. तिने धरून ठेवल्यासारखे वाटले तरच रोप मोठ्या डब्यात हलवावे.

आमच्या अनुभवाने दहा काड्या लावल्या तर पाच-सहा लागतात. म्हणून एकच काडी लावून बसू नये.

डबा आणि माती

कुंडी विकत घ्यायलाच हवी असे नाही. तेलाचा डबा, रंगाची बादली, फुटका माठ, काहीही चालते. तळाला सात-आठ भोके मात्र हवीत. पत्र्याचा डबा उन्हात तापतो, म्हणून त्याला बाहेरून पांढरा चुना लावावा किंवा गोणपाट गुंडाळावे.

काळी माती कपाशीला चालते, कारण शेतात मुळांना खोल जायला जागा असते. डब्यात तीच माती ओली झाली की चिकट गोळा होते आणि वाळली की दगड. म्हणून एक भाग माती, एक भाग वाळू आणि एक भाग कुजलेले शेणखत असे मिश्रण करावे. त्यात मूठभर निंबोळी पेंड टाकावी.

आपला जिल्हा केळीचा. केळीच्या साली प्रत्येक घरात निघतात. त्या बारीक कापून, वाळलेला पाला व माती यांच्याबरोबर एखाद्या डब्यात कुजवाव्यात. दोन-तीन महिन्यांत चांगले खत होते. केळीच्या सालीत पालाश असते आणि ते जास्वंदीला मानवते. ताजी साल मात्र थेट कुंडीत टाकू नये. मुंग्या आणि चिलटे होतात.

वर्षाचे वेळापत्रक

पावसाळा : डब्यात पाणी साचू देऊ नये. खाली दोन विटा ठेवून डबा उचलून घ्यावा. बोअरच्या पाण्याने मातीवर पांढरा थर जमला असेल, तर तो या काळात पावसाच्या पाण्याने धुऊन जातो. म्हणून डबा पावसात उघड्यावर ठेवावा.

हिवाळा : हे उष्ण प्रदेशातले झाड आहे. कडाक्याच्या थंडीत त्याची वाढ थांबते आणि थोडी पाने गळतात. घाबरून जादा पाणी घालू नये. डबा भिंतीच्या आडोशाला, सकाळचे ऊन मिळेल असा ठेवावा.

फेब्रुवारी : फांद्यांची हलकी छाटणी करावी. नव्या फुटव्यावर रंग चांगला येतो आणि फुलेही नव्या फुटव्यावरच येतात. डबा बदलायचा असेल तर आताच किंवा थेट पावसाळ्यात बदलावा. मार्चनंतर मुळांना हात लावू नये.

मार्च ते जूनचा पहिला पाऊस : हाच परीक्षेचा काळ. सकाळचे दहा-साडेदहापर्यंतचे ऊन द्यावे. त्यानंतर सावली हवी. हिरवी जाळी परवडत नसेल तर पऱ्हाट्यांचा तट्ट्या बांधून पश्चिमेकडून लावावा. ऊन अडते आणि हवाही खेळती राहते. मातीवर वाळलेल्या पाल्याचा दोन इंचांचा थर द्यावा. पाणी पहाटे आणि सूर्य मावळल्यावर द्यावे, दुपारी कधीच देऊ नये. गावाला जायचे असेल तर केळीच्या बागेतल्या ठिबकची युक्ती वापरावी. पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला सुईने बारीक भोक पाडून ती मातीत उलटी खोचून ठेवावी आणि तळाला हवेसाठी एक भोक पाडावे. थेंब थेंब पाणी मुळाशी जात राहते.

हिरवा फुटवा कापा

कधी कधी झाडाच्या बुडातून पूर्ण हिरव्या पानांची एखादी फांदी जोरात निघते. ती पाहून आनंद होतो, पण ती ठेवू नये. तिच्यात सगळी पाने अन्न तयार करणारी असल्यामुळे ती इतर फांद्यांपेक्षा भराभर वाढते, आणि वर्षा-दोन वर्षांत सगळे झाड साधे हिरवे होते. असा फुटवा दिसताच बुडापासून कापावा. कापलेली हिरवी फांदीही वाया घालवू नये. तिची काडी लावली तर साधी जास्वंद तयार होते आणि ती कुणालाही देता येते.

रंग की रोग?

पानावर पिवळे-पांढरे दिसले म्हणजे तो रंगच असतो असे नाही. भेंडीवर येणारा केवडा रोग आपण पाहिला आहे. त्यात पानांच्या शिरा पिवळ्या पडून जाळी दिसते. तो विषाणू पांढरी माशी पसरवते. जास्वंदीवरही असे विषाणूरोग येतात. पाने आक्रसलेली, वळलेली आणि लहान होत चाललेली असतील तर तो रोग समजावा. अशा झाडाची काडी कधीही घेऊ नये. चांगल्या चितकबऱ्या पानाचे डाग स्वच्छ आणि ठळक असतात.

दुसरा प्रकार असा की, नवीन पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. हा रोग नव्हे. आपल्या चुनखडीच्या जमिनीत आणि क्षारांच्या पाण्यात झाडाला लोह मिळत नाही, त्याचे हे लक्षण आहे. एक लिटर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावे. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा द्यावे.

कीड आणि एक कळकळीची विनंती

जास्वंदीचा मोठा शत्रू म्हणजे पिठ्या ढेकूण. शेंड्याला कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात आणि मुंग्यांची रांग लागते. २००५ नंतरच्या काही वर्षांत देशातल्या अनेक भागांत या किडीने कपाशीचे मोठे नुकसान केले. जास्वंदीवरही ती वाढते. डब्यातल्या एका झाडासाठी औषध लागत नाही. ओल्या फडक्याने पुंजके पुसून काढावेत, किडलेला शेंडा कापून पिशवीत बांधून टाकावा. मग एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा साबण घोळून संध्याकाळी फवारावे. आठवड्याने पुन्हा करावे. मुंग्यांचा बंदोबस्त केला की कीड निम्मी कमी होते.

इथे सर्वांना हात जोडून सांगणे आहे की, कपाशीवर फवारून उरलेले औषध घरातल्या झाडावर मारू नका. ती बाटली घरात ठेवूच नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. ही माणसे आपल्यासारखीच कष्टकरी होती. उघड्या शेतात जे विष माणूस मारते, ते दहा बाय दहाच्या खोलीच्या दारात, जिथे लेकरे खेळतात, तिथे काय करील याचा विचार करावा.

आणखी एक शत्रू म्हणजे शेळी. जास्वंदीचा पाला तिला फार आवडतो. डबा ओट्यावर किंवा खिडकीत ठेवलेला बरा.

"हे फूल आपल्या दारात कशाला?"

आपल्या काही घरांतून हा प्रश्न विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर देणे आवश्यक वाटते. महाराष्ट्रात जास्वंदीचे लाल फूल गणपतीला वाहतात. आपण ती पूजा सोडली, मग हे झाड कशाला, असे काहींना वाटते.

आमचे मत असे की, झाडाला धर्म नसतो. धर्म माणसांनी त्याला चिकटवलेला असतो. स्वीडनच्या लिनिअसने १७५३ साली या झाडाला जे शास्त्रीय नाव दिले, त्याचा अर्थ 'चीनचा गुलाब' असा होतो. मलेशियाने १९६० साली जास्वंदीला राष्ट्रीय फूल ठरवले. काही देशांत तिच्या पाकळ्यांनी बूट चमकवीत, म्हणून इंग्रजीत तिला बुटांचे फूल असेही नाव पडले. आपल्याकडच्या बायका तिची पाने-फुले खोबरेल तेलात उकळून केसांना लावतात. इतक्या लोकांच्या इतक्या उपयोगी पडलेले झाड कुणा एकाच्या मालकीचे कसे होईल?

आपल्या विहारात बुद्धवंदनेच्या वेळी आपण फुले अर्पण करतो, तीही मागणे मागण्यासाठी नव्हे. हे फूल जसे कोमेजते तसे हे शरीरही एक दिवस जाणार, याची आठवण राहावी म्हणून. सकाळी उमलून संध्याकाळी मिटणाऱ्या जास्वंदीइतके ही गोष्ट स्पष्ट सांगणारे फूल दुसरे कोणते?

काडी द्या, झाड टिकेल

आमच्या दारातल्या जास्वंदीच्या काड्या आता आमच्या गल्लीत पाच घरी आहेत. दर पावसाळ्यात आम्ही दहा-बारा काड्या दुधाच्या पिशव्यांत लावतो. लागतील त्या वाटून टाकतो. एखाद्या बचत गटातील भगिनींनी मनावर घेतले, तर अशी रोपे पावसाळ्यात तयार करून दिवाळीच्या आसपास आठवडे बाजारात विकताही येतील. भांडवल म्हणाल तर रिकाम्या पिशव्या, वाळू, खत आणि धीर. मात्र विकताना सगळी रोपे विकू नयेत. दोन-तीन शेजारी द्यावीत. आपले झाड गेले तर बियाणे तिथेच राहते.

मागच्या मे महिन्यात आम्ही दोन दिवसांसाठी लग्नाला गेलो होतो. परत आलो तेव्हा झाड टवटवीत होते. पाला सारखा केलेला, माती ओली. आजींना विचारले तर म्हणाल्या, "डाळ धुतलेलं पाणी होतं, कुठं फेकायचं?"

यंदाच्या पावसाळ्यात आजींनी स्वतः एक काडी लावली आहे. त्यांच्या मिरचीच्या रोपाशेजारीच ती पिशवी ठेवलेली आहे.